सरकार तिकडे पडलं, पाय इकडे लटपटले

खाणीच्या कंपनीत काम करते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग सोनं बघितलंस का?" नाही बघितलं. इतकी वर्षं झाली, एकदासुद्धा नाही. टनावारी दगड फोडावे तेव्हा चिमूटभर सोनं निघतं, आणि तेही थेट विमानात बसून जातं. किस्से मात्र न खणता मिळतात. एक उचलावा तर त्याच्या बुडाशी दुसरा चिकटलेला असतो.

पर्थमधल्या कुठल्याही मराठी घरी जेवायला गेलं की पानं वाढता वाढता कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, ते तुमच्या आफ्रिकेतलं सांग ना." परवा सिडनीजवळच्या टूनगॅबीहून माझी नणंद आली होती, तिनेही आमटी-भात पुढ्यात घेऊन तेच सुरू केलं. मी सांगते, लोक हसतात. हसा बापडे! पण हे सगळं चालू होतं तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती, हे आधीच सांगून ठेवते.

आमची कंपनी छोटी. ऑफिस वेस्ट पर्थला, एका डेंटिस्टच्या डोक्यावर. खाण पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात. देशाचं नाव सांगणार नाही, कारण तिकडे अजून आमची माणसं जातात-येतात. माझं काम तेच: माणसं पाठवायची आणि परत आणायची. तिकिटं, व्हिसा, एअरपोर्टवर गाडी. साइटवर दोन मराठी होते. एक मिलिंद गायकवाड, नागपूरचा, दगडातून सोनं काढायच्या प्लांटचा मॅनेजर. दुसरा पाटील, कोल्हापूरकडचा, मशिनरीची देखभाल करणारा. पाटीलला स्वतःचं नाव आहे, पण ते त्याच्या आईशिवाय कुणी वापरत नाही. काही आठवडे तिकडे, मग काही आठवडे पर्थला घरी, असा त्यांचा क्रम.

* * *

सरकार पडलं त्या दिवसापासून सुरू करते. तिकडची सकाळ म्हणजे आमचा आर्वो, इथले लोक दुपारला तसंच म्हणतात. रोज त्या वेळेला साइटचा कॉल असतो. माझा बॉस ग्रेग, चांगला माणूस, पण बातम्या बघतो त्या फक्त क्रिकेटच्या. तो नेहमीसारखा पाय लांब करून बसला होता. मिलिंदने सांगितलं, क्रशर ठीक, मिल ठीक, पाऊस नाही. आणि मग म्हणाला, टीव्हीवर सकाळपासून नुसता लष्कराचा बँड वाजतोय.

ग्रेगने विचारलं, पब्लिक हॉलिडे आहे का? तिकडून मामादूने, म्हणजे आमच्या साइटच्या ॲडमिन मॅनेजरने, सांगितलं की सुट्टीबिट्टी काही नाही, पण गावात सगळे पाणी भरून ठेवतायत. हे ऐकल्याबरोबर मिलिंद उठला आणि त्याने कॅम्पमधले झाडून सगळे ड्रम भरायला लावले. नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेला माणूस, पाणी भरा म्हटल्यावर का ते विचारत नाही.

ग्रेगला अजून उलगडा होईना. त्याने विचारलं, मग इलेक्शन आहे का?

मामादू अगदी शांतपणे म्हणाला, "मिस्टर ग्रेग, इलेक्शनला गाणी लावतात. बँड लागला की निकाल लागलेला असतो."

थोड्या वेळाने काळा चष्मा घातलेले एक कर्नल टीव्हीवर आले. राष्ट्रपती विश्रांती घेत आहेत, असं त्यांनी सांगितलं. परदेशी खाणवाल्यांनी देश लुटलाय आणि प्रत्येक करार पुन्हा तपासला जाईल, असंही सांगितलं. ग्रेग म्हणाला, "नो वरीज." मी कॉल संपायच्या आत साइटवरच्या माणसांची यादी काढली आणि विमानांच्या वेळा बघायला लागले.

* * *

आता डॉक्टर केळकर. हे मूळचे पुण्याचे भूलतज्ज्ञ, आता निवृत्त. आमच्या कंपनीचे शेअर त्यांनी घेतले ते माझ्या नवऱ्याच्या बढायांवर विश्वास ठेवून, गणपतीच्या प्रसादाच्या पंगतीत. तेव्हापासून कंपनीत काही शिंकलं तरी डॉक्टरांचा फोन मला.

त्या दिवशी फोन आला तेव्हा त्यांनी बातमी आधीच ऐकली होती. नवा माणूस कसा आहे म्हणे. मी म्हटलं, लष्करातला आहे. ते म्हणाले, ते मलाही दिसतं, आपल्याला ठेवणार की हाकलणार ते सांग. जसं काही कर्नलनी मला विचारूनच टीव्हीवर यायचं ठरवलं होतं!

दुसऱ्या दिवशी परत फोन. तोवर डॉक्टरांनी कर्नलचं ते भाषण पुन्हा पुन्हा बघितलं होतं. आवाज बंद करून. म्हणाले, "वैशाली, मी आयुष्यभर माणसांचे डोळे बघून ठरवलं, भूल कितपत चढली. या माणसाने चष्माच काढला नाही. मला काही हे बरं दिसत नाही."

कंपनीने तोवर शेअरची खरेदी-विक्री तात्पुरती थांबवली होती. कुणाला विकताही येईना. सिडनीपासून सिंगापूरपर्यंतचे गुंतवणूकदार फोन करून एकच विचारत होते, नवीन सरकार लायसन्स ठेवणार का? प्रामाणिक उत्तर असं होतं की नव्या सरकारलाच ते अजून माहीत नव्हतं. पण असं उत्तर देता येत नाही, म्हणून आम्ही सगळ्यांना "आम्ही चर्चेत आहोत" असं सांगत होतो. चर्चा कुणाशी, हे आम्हीही एकमेकांना विचारायचं टाळत होतो.

* * *

फोटोचा किस्सा मला मामादूने सांगितला. तिकडे रिवाज असा की प्रत्येक ऑफिसच्या भिंतीवर राष्ट्रपतींचा फोटो हवा. आमच्याही होता, चांगला दाराएवढा. आता राष्ट्रपती विश्रांती घेत होते. फोटो ठेवावा तर नवे लोक विचारणार, तुम्ही जुन्यांचे का? काढावा आणि जुने परत आले तर? मिलिंदने पर्थला विचारलं. ग्रेगने वकिलाला विचारलं. वकिलाने सांगितलं, कंपनी तटस्थ आहे. भिंतीवर तटस्थ काय लावायचं, ते कुणी सांगेना.

शेवटी सैनिकांची गाडी गेटवर आल्याचं कळलं तेव्हा मिलिंदने घाईघाईने फोटो काढून कपाटामागे सरकवला. पण इतक्या वर्षांत भिंत काळवंडली होती आणि फोटोच्या जागी लख्ख पांढरा चौकोन उरला. उघडा खिळा आणि पांढरा चौकोन. जेवणघरातलं घड्याळ आणून त्याने त्या खिळ्याला टांगलं.

लेफ्टनंट आत आला. सगळीकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं, आणि बघतच राहिला. विचारलं, इथे आधी काय होतं?

मिलिंदने घड्याळाकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "घड्याळच होतं."

घड्याळ गोल, डाग चौकोनी! लेफ्टनंटने डागावरून बोट फिरवलं. मग मिलिंदकडे वळून म्हणाला, "आधीचं घड्याळ फार मोठं होतं. आणि ते बंद पडलेलं होतं."

आणि तो पाणी पिऊन निघून गेला.

* * *

इथवर तरी आपण हसू शकतो. पुढचं ऐका, कारण सगळं बिघडलं ते याच्यामुळे.

कर्नलनी खाणी तपासायला एक कमिशन नेमलं आणि हुकूम काढला की परदेशी कंपनीने एकही मशीन देशाबाहेर न्यायचं नाही. कारण दुसऱ्या एका खाणवाल्याने म्हणे चांगलं चांगलं सामान गुपचूप ट्रकवर चढवलं होतं. आमच्याकडे कमिशन कधी येणार ते सांगितलं नव्हतं. आणि ते नेमकं आलं खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवशी.

आता पाटील कोल्हापूरचा. खंडेनवमीला हत्यारांची, मशीनची पूजा करायची, हे त्याच्या अंगात. आईने दिलेली कुंकवाची डबी तो जगभर घेऊन फिरतो. मिलिंदने त्याला आधी सांगितलं होतं, दिवस बरे नाहीत, या वर्षी राहू दे. मिलिंद बौद्ध, त्याच्या घरी हे काही करत नाहीत, पण त्याचा मुद्दा धर्माचा नव्हताच, भीतीचा होता. पाटीलचं म्हणणं, याच वर्षी तर जास्त गरज आहे की. त्याने क्रशर, मिल, पंप, जनरेटर, एकूण एक मशीनला कुंकू लावलं. नारळ मिळाला नाही म्हणून कलिंगड फोडलं.

कमिशनच्या प्रमुख एक बाई होत्या, स्वतः इंजिनिअर, कडक. त्यांना काय दिसलं? प्रत्येक चालू मशीनवर लाल खूण. बंद पडलेल्या मशीनवर नाही, कारण बंद मशीनपर्यंत पाटीलचं कुंकू पुरलं नव्हतं! बाईंनी सरळ अर्थ काढला: न्यायच्या मशीनवर खुणा केल्यात.

पाटील म्हणाला, ही आमची पूजा आहे, दर वर्षी करतो. बाई म्हणाल्या, गेल्या वर्षीचा फोटो दाखवा. गेल्या वर्षी खंडेनवमीला पाटील पर्थला सुट्टीवर होता. मग त्या मिलिंदकडे वळल्या. तुम्ही मॅनेजर, तुम्ही करता ही पूजा? मिलिंद खरं बोलला. म्हणाला, मी करत नाही, आमच्यात नाही. बाईंनी लिहून घेतलं की मॅनेजर अशा कुठल्याही पूजेचा इन्कार करतो.

झालं! मशीनना सील, आणि मिलिंदचा पासपोर्ट जप्त. नवा करार होईपर्यंत त्याने देश सोडायचा नाही. पाटीलची सुट्टी लागलेली होती, त्याला मात्र जाऊ दिलं. निर्णय घेणारा माणूस हवा, बाकीच्यांची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. पाटील म्हणतो, आयुष्यात पहिल्यांदाच कुणी मला बिनमहत्त्वाचा म्हटलं, आणि मी खाली मान घालून विमानात बसलो.

* * *

मिलिंदची बायको सुजाता आयसीयूत नर्स आहे. मोजकं बोलणारी, आणि बोलली की ऐकावं लागतं. कुणाच्याही घरच्यांना कळवायचं काम माझ्याकडे. कंपनीच्या वकिलाने लिहून दिलेला मजकूर मी तिला वाचून दाखवला, त्यात होतं, "परिस्थिती स्टेबल आहे."

सुजाता म्हणाली, "वैशालीताई, आमच्याकडे ज्याला स्टेबल म्हणतात ना, तो व्हेंटिलेटरवर असतो."

त्यानंतर मी वकिलाचे मजकूर वाचणं सोडून दिलं. रोज आर्वोला फोन करून जे कळलं असेल ते सांगायची. काही कळलं नसेल तर तसं सांगायची. ती म्हणायची, "बरं," आणि शिफ्टला जायची. एकदाच म्हणाली, मला झोप लागते याचीच लाज वाटते ताई.

पाटील पर्थला पोचला त्याच दिवशी तिच्या घरी गेला होता. तिने दार उघडलं, त्याला बघितलं, आणि म्हणाली, "कुंकू तू लावलंस आणि अडकला माझा नवरा. आणि आम्ही ते लावतही नाही." दार बंद. पाटील तिथून सरळ माझ्याकडे आला आणि आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिला. चहा दिला तो तसाच गार झाला. त्यानंतर सुजाताने त्याचं नाव तोंडातून काढलं नाही.

* * *

मध्यंतरी ग्रेग स्वतः तिकडे राजधानीत बोलणी करायला गेला. मला सांगितलं, मंत्र्यांसाठी काहीतरी ऑस्ट्रेलियन भेट बघ. मी एक सुंदर, हाताने रंगवलेलं बूमरँग फ्रेम करून दिलं.

नव्या खाणमंत्र्यांनी ते हातात घेतलं, उलटंसुलटं बघितलं आणि विचारलं, हे काय? ग्रेग खुश झाला. त्याने उभं राहून हात फिरवून दाखवलं की हे असं फेकलं तरी फेकणाऱ्याकडे परत येतं.

मंत्री म्हणाले, "म्हणजे आमच्या सोन्यासारखं नाही."

ग्रेग ही गोष्ट सांगताना लाल होतो. मामादूला मी विचारलं, अरे, हे लोक इतके चिडलेत का आमच्यावर? तो काही लागट बोलला नाही. म्हणाला, मॅडम, खाणीला विमानाची धावपट्टी आहे, माझ्या गावाला अजून रस्ता नाही. रस्त्याचे पैसे कंपनीने जुन्या राष्ट्रपतींना दिले होते, हे मला माहीत आहे, पण गावाला फक्त रस्ता नाही एवढंच दिसतं. पण मिलिंदने तो रस्ता खाल्ला नव्हता, हेही खरं होतं.

* * *

आठवड्यातून एकदा मिलिंदला सुजाताशी फोनवर बोलू द्यायचे. अट अशी की कमिशनच्या ऑफिसातून, स्पीकरवर, आणि इंग्रजीतच. तिकडे चालतं फ्रेंच, पण पहाऱ्यावरचा सैनिक शेजारच्या देशात राहून इंग्रजी शिकला होता, त्याला सगळं कळायला हवं. फोन आमच्या ऑफिसात यायचा, सुजाता त्यासाठी तिथे यायची, त्यामुळे मीही तिथे.

आता या दोघांचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एकमेकांशी इंग्रजीत कधी बोललेले नाहीत. मिलिंद म्हणाला, "हाउ आर यू?" सुजाता म्हणाली, "आय ॲम वेल. हाउ आर यू?" आणि पुढे दोघांनाही शब्द सापडेना. मग सुजाताने शिफ्ट बदलताना रिपोर्ट देतात तसा घराचा रिपोर्ट दिला. लॉन वाढलंय. गटर तुंबलंय. गाडीची सर्व्हिसिंग राहिलीय. मिलिंदने विचारलं, लॉन अजून का नाही कापलं? तिने विचारलं, कोण कापणार? आवाज चढत गेले, सगळं इंग्रजीत!

तो सैनिक मध्येच म्हणाला, "मिस्टर, तुमची बायको तुमची बॉस आहे का?" मिलिंद म्हणाला, हो. सैनिक म्हणाला, मग तुमच्या भाषेतच बोला, मला ऐकवत नाही.

परवानगी मिळाली आणि दोघं एकदम गप्प झाले. बऱ्याच वेळाने मिलिंदचा आवाज आला, "जेवलीस का?"

त्यावर सुजाता जी रडायला लागली ती थांबेना. इतके आठवडे तिच्या डोळ्यांत मी पाणी बघितलं नव्हतं. सैनिक घाबरला, मला विचारायला लागला, काय वाईट बातमी सांगितली त्याने? मी सांगितलं, जेवलीस का, एवढंच विचारलंय. त्या दिवशी त्याने फोन वेळ संपल्यावरही चालू ठेवला.

* * *

मग कंपनीची वार्षिक सभा आली. हॉटेलचा हॉल, सॅंडविचेस, आणि चिडलेले शेअरहोल्डर. सगळ्यांचे प्रश्न एकाच जातीचे: नव्या सरकारला किती हिस्सा देणार, लायसन्स राहणार का, शेअर कधी वर येणार? चेअरमननी पडद्यावर खाणीचा फोटो दाखवून सांगितलं की आमचे सर्व ॲसेट सुरक्षित आहेत.

डॉक्टर केळकर उठले. सूट घालून आले होते, वर मफलर. माइक हातात घेतला आणि विचारलं, "चेअरमनसाहेब, मिलिंद गायकवाड या ॲसेटमध्ये धरलाय का?"

चेअरमननी बाजूला बसलेल्या वकिलाकडे बघितलं, वकिलाने कागदाकडे. मग चेअरमन म्हणाले, प्रश्नाची नोंद घेतली आहे. डॉक्टर म्हणाले, मी उत्तर मिळेपर्यंत उभा राहतो. आणि उभे राहिले. गुडघे दुखतात त्यांचे, पण सभा संपेपर्यंत बसले नाहीत. त्यांच्यामागे आणखी दोन-चार म्हातारे ऑस्ट्रेलियन उभे राहिले. शेवटी चेअरमननी कबूल केलं की पैशाच्या आधी माणसाचं बोलू.

शेअर पुन्हा विकता यायला लागले तेव्हा मी डॉक्टरांना म्हटलं, आता तरी काढून टाका, मातीमोल झालेत. ते म्हणाले, "आणि पुढच्या सभेला मला आत कोण घेईल?"

* * *

आणि हा शेवटचा. मी हा कुणाला पटकन सांगत नाही.

सभेनंतर बोलणी जरा पुढे सरकली आणि तिकडून निरोप आला: करार सहीपर्यंत आलाय, मिलिंदला घरी जाऊ देतो, पण करार होईपर्यंत त्याच्या जागी कंपनीचा दुसरा मॅनेजर येऊन बसला पाहिजे. माणसाच्या बदल्यात माणूस. ग्रेगने आम्हा सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बोलावून विचारलं, कोण जाईल? सगळे आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. ग्रेग स्वतःचं नाव घेईना. मीही खाली बघत होते. भीती वाटली, दुसरं काही नाही.

पाटील दाराशी उभा होता. तो म्हणाला, "मी जातो की. मला मॅनेजर करा."

त्याच दिवशी त्याला मॅनेजर केलं. इतकी वर्षं मागत होता बिचारा ते प्रमोशन! जाताना मला एवढंच म्हणाला, सुजाताला सांगू नका, ती परत दार लावील. म्हणून मी सुजाताला फक्त सांगितलं की बदली माणूस गेलाय, मिलिंद आज निघेल. ती नर्सच्या युनिफॉर्ममध्येच आमच्या ऑफिसात आली आणि फोनजवळ बसली.

तिकडे सकाळ होती. मामादू एअरपोर्टवरच्या पोलिसांच्या खोलीत होता आणि त्याने फोन चालू ठेवला होता. पाटील ज्या विमानाने उतरला, तेच विमान परत निघणार होतं, मिलिंदला घेऊन. एक कॅप्टन टेबलाशी दोघांचे पासपोर्ट घेऊन बसला होता. पाटीलच्या पासपोर्टवर आत यायचा शिक्का झाला होता. आता फक्त मिलिंदच्या पासपोर्टवर बाहेर जायचा शिक्का मारायचा राहिला होता. मामादू हे सगळं आम्हाला हळू आवाजात सांगत होता. आणि मग आम्हाला मिलिंदचा आवाज ऐकू आला, मराठीत.

"पाटील? तू इथे काय करतोयस?"

"बदली आलोय, साहेब."

"कुणाच्या?"

"तुमच्या."

सुजाताने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

तिकडे भांडण जुंपलं. मिलिंद म्हणत होता, मी नाही जात, तुझी आई तिकडे एकटी आहे. पाटील म्हणत होता, तुमची बायको काय जत्रेला बसलीय का, गप जावा. जेवण झाल्यावर हॉटेलात बिलावरून ओढाताण करतात ना आपल्याकडे, तशी चालली होती दोघांची, फक्त आवाज रडवेले. इतक्या वर्षांच्या व्हिसाच्या कामात मला कामापुरतं फ्रेंच कळतं. कॅप्टनने मामादूला विचारलं, कोण जाणार यावरून भांडतायत का? मामादू म्हणाला, नाही, कोण राहणार यावरून.

कॅप्टन वैतागला. विमान थांबलं होतं. त्याने फोनकडे बोट दाखवून विचारलं, कोण आहे यावर? मामादूने सांगितलं, यातल्या एकाची बायको. कॅप्टनने फोन हातात घेतला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, मादाम, यातला तुमचा नवरा कुठला ते सांगा. तो जाईल. दुसरा राहील. विषय संपला.

एक नाव घ्यायचं होतं फक्त. इतके आठवडे ती ज्यासाठी थांबली होती, ते एका शब्दावर आलं होतं. आणि सुजाता खोटं बोलत नाही. पेशंटच्या नातेवाइकांचं मन राखायलासुद्धा तिने कधी खोटं सांगितलेलं नाही. तिने एक हात टेबलावर सपाट ठेवला, दुसऱ्याने माझं मनगट धरलं.

ती म्हणाली, "दोघंही माझे नवरे आहेत. दोघांना पाठवा."

तिकडचं भांडण जागच्या जागी थांबलं. मग कॅप्टनने फोन तोंडापासून लांब धरून फ्रेंचमध्ये मामादूला विचारलं, त्यांच्याकडे असं चालतं?

मामादू अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "कॅप्टनसाहेब, ते ऑस्ट्रेलिया आहे."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं. विमानाच्या इंजिनची घरघर लांबून येत होती आणि सुजाताची नखं माझ्या मनगटात रुतत होती.

मग शिक्का आपटल्याचा आवाज आला.

आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, फोनकडे बघत.

मग परत एकदा आला.